चवळीवरचा मावा आणि निंबोळी अर्क
मुंबईत गॅलरीतल्या कुंडीत चवळी लावली, की पाऊस उघडल्यावर कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा (रस शोषणारे बारीक किडे) बसतोच. वेलावर मुंग्यांची रांग चढताना दिसली तर पान उलटून मावा आहे का बघा. 50 ग्रॅम निंबोळी पावडर फडक्यात बांधून 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पिळून गाळा, थोडा साबणाचा चुरा विरघळवा. फवारणी मात्र त्याच संध्याकाळी, पानांच्या खालून. कडक उन्हात निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारा घटक, लवकर निकामी होतं. ठिपकेवाले लाल ढालकिडे फिरत असतील तर फवारू नका, ते मावाच खातात. मर रोगासाठी (यात रोप सुकून मरतं) पेरतानाच बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशीची पावडर चोळा: किलोला 5 ग्रॅम, मूठभर बियांना चिमूटभर पुरे.