लहान ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीने ऊडनाडाटा ट्रॅक कसा पार करावा

दक्षिण ऑस्ट्रेलियातील मारी ते मार्ला हा सुमारे 620 किलोमीटरचा कच्चा रस्ता ऊडनाडाटा ट्रॅक म्हणून ओळखला जातो. जुनी घान रेल्वे आणि 1872 मध्ये पूर्ण झालेली खंडपार तारायंत्राची लाइन यांचा माग धरून तो साधारणपणे जातो. रस्ता कोरडा असेल, तर सुबारू फॉरेस्टरसारखी लहान ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी तेथून सुखरूप पार होते, त्यामुळे अ‍ॅडलेड किंवा मेलबर्नच्या मराठी कुटुंबाला घरच्या गाडीने हा प्रवास करता येतो. मात्र चारही चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी कुठेही जाईल, हा समज आधी सोडावा. तिच्यात लो-रेंज गिअर, म्हणजे अवघड जागी अगदी सावकाश पण जास्त जोराने चालवणारा गिअर, नसतो, पोटाखाली जेमतेम 220 मिलिमीटर जागा असते आणि टायर बहुधा डांबरी रस्त्याचे असतात. या तिन्हींपैकी सर्वांत आधी दगा देतात ते टायर.

पहिली निवड हंगामाची. मे ते सप्टेंबर या थंड महिन्यांतच जावे. 2 जानेवारी 1960 रोजी याच ऊडनाडाटा गावात 50.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, हे उन्हाळ्यात निघू पाहणाऱ्याने लक्षात ठेवावे. निघण्याच्या दिवशी राज्य सरकारचा रस्त्यांविषयीचा अहवाल पाहावा आणि वाटेतल्या प्रत्येक गावात पुढच्या रस्त्याची चौकशी करावी. पाऊस पडला की येथील माती साबणासारखी निसरडी होते आणि रस्ता बंद केला जातो. बंद रस्त्यावर गाडी घातल्यास दंड होतो. भाड्याची गाडी असेल, तर कच्च्या रस्त्यावर विमा लागू राहतो का, हे करारात वाचून घ्यावे. बहुतेक वेळा तो राहत नाही.

दुसरी तयारी टायरची. डिकीत अरुंद, तात्पुरती स्टेपनी असेल, तर पूर्ण मापाचे चाक मिळवावे. शक्य असल्यास चारही टायर जाड बाजूंचे, ऑल-टेरेन म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या प्रकारचे घ्यावेत. सोबत ट्यूबलेस पंक्चर किट, हवा मोजण्याचे यंत्र, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, आणि भुसभुशीत जमिनीत जॅक रुतू नये म्हणून त्याखाली ठेवण्यासाठी फळी असावी. जड सामान टपावर चढवू नये, कारण त्याने गाडी डगमगते आणि खडीवर ती सावरणे अवघड जाते. पिण्याचे पाणी माणशी दररोज किमान 5 लिटर आणि शिवाय दोन दिवसांचे जादा घ्यावे. पेट्रोल मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला येथे मिळते. दोन ठिकाणांमधले अंतर 200 किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी टाकी भरली की पुरते. मोबाइलवर भिस्त ठेवू नये, उपग्रहाद्वारे संकटसंदेश पाठवणारे बीकन जवळ बाळगावे.

मारी सोडताना हवा कमी करावी. डांबरी रस्त्यावर 35 पीएसआय ठेवत असाल, तर खडीवर 28 च्या सुमारास आणावी आणि वेग 80 च्या आत ठेवावा, कारण कमी हवेच्या टायरने जोरात पळणे म्हणजे टायर तापवून फोडणे होय. रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारखे आडवे वळे सतत लागतात. त्यांवर जोर करून उडत गेल्यास हादरे कमी जाणवतात खरे, पण त्या वेळी चाकांची जमिनीवरची पकडही सुटलेली असते. म्हणून मी सावकाशपणाच्या बाजूचा आहे. पिठासारखी मऊ धूळ साचलेली दिसली, तर आत खोल खड्डा आहे असे धरूनच वेग कमी करावा. समोरून मोठा ट्रक येत असेल, तर डावीकडे बाजूला होऊन धूळ बसेपर्यंत थांबावे. खडीवर एकदम ब्रेक मारू नये आणि स्टिअरिंगही झटक्याने वळवू नये.

नाल्यात पाणी दिसले, तर उतरून चालत जाऊन पाहावे. चालत जाणे धोक्याचे वाटते तेथे, किंवा पाणी अर्ध्या चाकाच्या वर असेल तेथे, लहान गाडी घालू नये. वाळूत चाके फिरू लागली की अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, हवा 20 च्या आसपास आणावी, चाकांपुढची वाळू उपसावी आणि मगच हळू निघावे. अनेक लहान गाड्यांतला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला पट्ट्यावरचा स्वयंचलित गिअरबॉक्स, अशा धडपडीत तापतो; त्याचा इशारा लागला की गाडी थांबवून तो थंड होऊ द्यावा. विल्यम क्रीकजवळून काटी थांडा–लेक एयर या सरोवराच्या हॅलिगन खाडीकडे जाणारा फाटा मी उंच गाड्यांसाठी सोडतो. त्याच्या दक्षिणेचे लहान सरोवर मुख्य रस्त्यावरूनही दिसते, आणि कावर्ड स्प्रिंग्जजवळचे उकळत्यासारखे बुडबुडणारे झरे तर पाहावेतच.

संध्याकाळनंतर गाडी चालवू नये, कारण कांगारू आणि गुरे रस्त्यावर येतात. गाडी बंद पडली, तर ती सोडून चालत निघू नये. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. मार्लाला स्टुअर्ट हायवेचे डांबर लागले की रिममध्ये अडकलेला चिखल काढावा, चाकांचे नट तपासावेत आणि टायरमध्ये हवा पूर्ववत भरूनच 110 चा वेग धरावा.