एकाच टाकीत सगळे मासे? या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. माझे तिन्ही गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते, थर्मामीटर ३३ अंशांवर. त्याच टाकीतले एंजल मासे थकलेले, पण तग धरून होते. रोग समजून मी औषध आणायला पळालो. संध्याकाळपर्यंत दोन गोल्डफिश गेले.

चूक माझीच होती. गोल्डफिश थंड पाण्याचा, १८ ते २४ अंशांत रमणारा. एंजल उष्ण प्रदेशातला. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि तेव्हाच माशाला तो जास्त लागतो. शिवाय गोल्डफिश घाणही भरपूर करतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही जोडी लावूच नका.

मासे वर येऊन धापा टाकत असतील तर आधी एअर पंप वाढवा, खाणं बंद करा. टाकीचं झाकण काढून जाळी लावा आणि लहान पंख्याचा झोत पाण्यावर सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलरसारखंच काम होतं. पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. आटलेलं पाणी रोज भरा. बर्फ मात्र टाकू नका, एकदम गारठा बसला तर मासा तिथंच आडवा होतो.

निऑन टेट्रा हे चिमुकले मासे रोज एकेक कमी होतायत आणि मेलेला सापडत नाही? मोठा झालेला एंजल ते रात्री गिळतो. एंजलचे लांब पर कुरतडलेले दिसले तर टाकीत टायगर बार्ब हा पर कुरतडणारा मासा आहे का बघा. दोन नर फायटर मासे तर कधीच एकत्र नकोत.

आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. पिंपं भरून झाली की त्याच झटक्यात टाकीही रिकामी करून घासायची, ही सवय अनेक घरांत आहे. त्यानं माशांची घाण पचवणारे जिवाणूच धुऊन जातात, वर ताज्या पाण्यातलं क्लोरीन. दोन दिवसांत पाणी गढूळ होतं आणि मासे मरू लागतात. पाव टाकीच बदला, तेही चोवीस तास उघडं ठेवलेल्या पाण्यानं. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

रील बघून मुलं हल्ली समुद्रघोडे मागतात, तेही वेगवेगळ्या जातींचे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं २००१ पासून त्यांना संरक्षण आहे. कुणी विकत असेल तर घेऊ नका. परदेशात पाळणारेही जाती मिसळायला कचरतात. कुडा जातीला उबदार पाणी लागतं, ऑस्ट्रेलियाकडच्या मोठ्या पोटाच्या समुद्रघोड्याला थंड. एका जातीला पचणारा जंतू दुसरीला मारतो. त्यात समुद्रघोड्याला जठरच नसतं; चपळ शेजाऱ्यानं खाणं पळवलं की तो उपाशी राहतो.

शेवटचं, सकर माशाबद्दल. शेवाळ खातो म्हणून बोटाएवढा आणतात, तो फूटभर वाढतो आणि टाकी अपुरी पडते. मग कुणी तो तलावात किंवा नदीत सोडतं. उजनीच्या जलाशयात हे मासे इतके माजलेत की मच्छीमारांची जाळी त्यांच्या काटेरी अंगानं फाटतात. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्या, नाहीतर मोठी टाकी असलेल्या ओळखीच्याला.