प्रमाण तारा खाली असतानाही घ्या

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी देवगडजवळच्या सड्यावर रात्रभर बसून काक्षीची (मृगातला तांबडा तारा, बीटलज्यूज) तेजस्विता मोजली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मित्रांना कळवून मोकळा झालो की काक्षी सहा तासांत पाव प्रतीने मंदावली. (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद.) 2020 च्या फेब्रुवारीत ती 1.6 प्रतीपर्यंत उतरली होती हे सगळ्यांच्या लक्षात असल्यामुळे दोघातिघांनी उत्साहात फोनही केले. पुण्याच्या एका जाणत्या मित्राने एकच प्रश्न विचारला, "प्रमाण तारे किती वेळा घेतलेस?" म्हणजे ज्यांची प्रत पक्की ठाऊक आहे असे, तुलनेसाठीचे तारे. एकदा. रात्री आठ वाजता, हमाल हा प्रमाण तारा क्षितिजापासून चांगला साठ अंशांवर असताना, वीस फोटो काढले आणि मग रात्री दोनपर्यंत नुसती काक्षी. ती मात्र ऐंशी अंशांवरून सत्तावीस अंशांवर उतरत गेली होती. तेव्हा मंदावलं काय? तारा, हवा की भिंगावरचं दव? सांगता येईना. तीन आरोपी आणि साक्षीदार एकही नाही. ती सगळी रात्र फुकट गेली, म्हणून ही यादी.

ट्रायपॉड, बॅटऱ्या, रिकामं कार्ड, लाल टॉर्च, पाणी हे सांगायला नको. विसरलात तर परत घरी जा.

रात्र निवडताना चंद्राचा फार बाऊ करू नका. काक्षी, रोहिणी, प्रश्वा (प्रोसियन) हे तारे चांदण्यातही मोजता येतात, आणि चंद्राभोवती खळं दिसलं तर वर पातळ ढग आहे हे तरी कळतं. अंधाऱ्या रात्री तोच ढग गुपचूप येऊन आकडे खाऊन जातो. आमच्याकडे खरी अडचण धुराची आणि दमटपणाची. फेब्रुवारीपासून भाजावळ (शेतं भाजणं) सुरू होते, संध्याकाळी धूर खाली बसतो. दिवसभरचं खारं वारं पडतं, मग उशिरा जमिनीकडून मतलई सुटते आणि हवाच बदलते. म्हणजे आठ वाजताची हवा आणि एक वाजताची हवा एक नव्हे. डोंगरावरच्या वेधशाळेला एखादे वेळी अख्ख्या रात्रीला एक आकडा पुरत असेल, किनाऱ्यावर नाही. म्हणून प्रमाण तारे पुन्हा पुन्हा.

घरी बसून करायचं काम म्हणजे प्रमाण तारे ठरवणं. दुर्बीणवाल्यांसाठी लँडोल्टची 1992 ची यादी आहे, विषुववृत्ताच्या आसपासची. पण तिच्यातले बहुतेक तारे 11.5 ते 16 प्रतीचे, आपल्या 50 मिमी भिंगाच्या कामाचे नाहीत. आपण त्याहून जुन्यांकडे जायचं. 1953 साली जॉन्सन आणि मॉर्गन यांनी यूबीव्ही पद्धत मांडली (अतिनील, निळा आणि दृश्य म्हणजे व्ही, अशा तीन फिल्टरांतून तारा मोजायची), तिच्या दहा मुख्य प्रमाण ताऱ्यांतले तीन या दिवसांत आपल्या डोक्यावरून जातात. पहिला मेषेतला अल्फा, हमाल: प्रत 2.00, रंगांक (आकडा जितका मोठा तितका तारा लाल) 1.15. (नाव अरबीतलं, अर्थ कोकरू. ओझी वाहणारा हमाल वेगळा.) दुसरा कर्केतला बीटा: प्रत 3.52, रंगांक 1.48, म्हणजे नारिंगी. तिसरा वासुकीच्या डोक्यातला ईटा, आश्लेषेतला: प्रत 4.30, रंगांक उणे 0.20, म्हणजे निळसर. बीटा आणि ईटा यांच्यात जेमतेम नऊ अंशांचं अंतर, त्यामुळे एक तांबूस आणि एक निळा असे दोन्ही एकाच फोटोत येतात. ही जोडी सोडू नका. काक्षीचा रंगांक 1.85 च्या आसपास आहे आणि कॅमेऱ्याचं हिरवं चॅनेल म्हणजे प्रमाणित व्ही फिल्टर नव्हे. लाल ताऱ्याला तो कॅमेरा किती चुकतो हे या जोडीशिवाय कळणार नाही. नुसत्या प्रश्वाशी तुलना करून थांबलात तर रंगाची चूक तशीच आत राहते, कारण प्रश्वाचा रंगांक 0.42. रोहिणी रंगाने जवळची, पण ती स्वतःच किंचित बदलते, तिच्या भरवशावर सगळं सोडू नये.

आता वेळापत्रक. आपलं अक्षांश साडेसोळा-सतरा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री आठ वाजता हमाल पश्चिमेला साठ अंशांवर असतो, दहाला चौतीसच्या आसपास, अकराला वीसवर. त्याच आठ वाजता आश्लेषेतला ईटा पूर्वेला जेमतेम एकवीस अंशांवर वर आलेला असतो, आणि साडेबाराच्या सुमारास माथ्याजवळ, शहात्तर अंशांवर. म्हणजे एक बुडतोय, दुसरा चढतोय. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: आठ, नऊ, दहा, अकरा, साडेबारा, दोन. प्रत्येक वेळेला जे प्रमाण तारे वर असतील ते सगळे घ्यायचे. खाली असताना घ्यायचे. वर आल्यावरही घ्यायचे. मी हेच केलं नव्हतं.

कारण एवढंच आहे. माथ्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या एका थरातून येतो असं धरलं, तर तीस अंशांवरच्या ताऱ्याचा दोन थरांतून आणि वीस अंशांवरच्याचा जवळजवळ तीन थरांतून येतो. प्रत्येक थराला किती प्रत घटते हा आकडा त्या रात्रीचा असतो, पुस्तकातला नाही. मी पुस्तकातला 0.2 धरला. धुराच्या आणि दमट रात्री आमच्याकडे तो 0.4 च्याही वर जातो, 0.3 च्या खाली आला तर नारळ फोडावा. काक्षी सत्तावीस अंशांवर असताना दोनाहून जास्त थर होते, चुकीचा आकडा धरल्यावर पाव प्रत गायब व्हायला कितीसा वेळ लागतो! आणि प्रमाण तारा एकाच उंचीवर घेतला तर कॅमेऱ्याचा मूळ आकडा किती आणि हवेची घट किती हे वेगळं काढताच येत नाही. एक बिंदू, त्यातून रेघ काढणार कशी? दोन तरी हवेत, पाचसहा असले तर उत्तम. पुन्हा सांगतो: खाली असतानाही.

फोनवर दर तासाचा अलार्म लावा. मी यंदा लावला आणि त्याला नाव दिलं "हमाल". बागेचे राखणदार आबा शेकोटीशी बसले होते, फोन वाजला तसं वाकून त्यांनी स्क्रीन वाचली आणि म्हणाले, "हमाल? ह्या रातीचो सामान खंय न्हेतंस?" तासाभराने परत तेच. तिसऱ्या वेळी मात्र त्यांना राहवलं नाही. "तोच तारो परत परत कित्याक काढतंस? आदी काढलंस तो बरो नाय इलो?" समजावायला वेळ लागला. पण मागच्या वर्षी हा प्रश्न विचारणारं कुणी असतं तर बरं झालं असतं.

दव. साडेदहानंतर कॅमेऱ्याची काच बघा, टॉर्च तिरपा धरून. आधी कडेला धूसर कडं दिसतं, मग मधे येतं. पंच्याने पुसू नका. त्यात मीठ असतं, काच ओरखडते आणि तेलकट पट्टा राहतो. भिंगाला गुंडाळायची गरम पट्टी मिळते, पॉवर बँकेवर चालते. ती दव पडायच्या आधी लावायची, पडल्यावर नाही. पट्टी नसेल तर पुठ्ठ्याची लांब टोपी करा, थोडा वेळ तग धरते. आणि दव आलं की नाही याची खरी परीक्षा डोळ्याने होत नाही, प्रमाण ताऱ्याने होते: माथ्यावर येत असलेला ईटा मंदावतोय असं दिसलं तर चूक ताऱ्यात नाही, बहुधा काचेवर आहे.

कॅमेरा: रॉ, जेपीजी नाही. फोटोतले ठिपके (नॉइज) कमी करणारी आणि भिंगाची चूक सुधारणारी सगळी सोय बंद. आयएसओ 100 किंवा 200, एफ 4, आणि हे दोन आकडे रात्रभर हलवायचे नाहीत. फोकस मुद्दाम थोडा बिघडवायचा, तारा आठदहा पिक्सेलांवर पसरला पाहिजे, मग चिकटपट्टीने रिंग पक्की करायची. पसरवायचं कारण असं की सेन्सरवर हिरवे पिक्सेल एकाआड एक असतात. टोकदार तारा लाल पिक्सेलवर पडला की हिरव्याला काही मिळत नाही. काक्षीला दोन-तीन सेकंद, ईटाला दहा. दोघांत 3.8 प्रतींचा फरक धरला तर प्रकाशात तेहेतीस पट अंतर आहे, त्यामुळे सेकंद बदलावेच लागतात, ते लिहून ठेवा. 14 बिटच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल 16383 ला भरतो. मी 10000 च्या वर जाऊ देत नाही. प्रत्येक वेळी वीस फोटो, कारण लुकलुकण्याने एकेक फोटो खोटं बोलतो, आणि खालच्या ताऱ्याचा जास्तच.

प्रत म्हटलं की पॉगसन, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ. पाच प्रतींना शंभर पट हा हिशोब त्यानेच 1856 मध्ये मांडला, आणि पुढे तो मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाला तो मछलीपट्टणला होता. त्याच ग्रहणाच्या वेधांसाठी बांधले म्हणतात ते "साहेबाचे ओटे" आमच्या विजयदुर्गात आजही दाखवतात. किल्ल्यावर गेलात तर बघून या, पण तिथे रात्री कॅमेरा लावायचा विचार करू नका.

पश्चिमेला समुद्रावर मासेमारीच्या होड्यांचे दिवे असतात. हमाल त्यांच्या उजेडात बुडतो, पार्श्वभूमी वजा करताना जवळचंच आकाश घ्या. म्हणूनही पूर्वेची जोडी हवी. दोन्ही दिशांचे आकडे जुळले तर हवा सारखी आहे, नाही जुळले तर त्या रात्रीच्या आकड्यांवर फार विसंबू नका.

फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाचा फोटो: फोकस न हलवता, पहाटे किंवा लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यावर. डार्क, म्हणजे काळोखाचा फोटो: झाकण लावून, तेच सेकंद. कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी जुळवा आणि जागतिक वेळ हवी असेल तेव्हा साडेपाच तास वजा करा. मी एकदा मिळवले होते.

निघण्याआधी दोन वाजताची जोडी. झोप येते, थंडी वाजते, आबा केव्हाच झोपलेले असतात, आणि वाटतं की आता पुरे. ईटा चौसष्ट अंशांवर आहे, दहा मिनिटांचं काम. घ्या.

घरी: हिरवं चॅनेल वेगळं काढा, डार्क वजा, फ्लॅटने भागा, प्रत्येक प्रमाण ताऱ्याची मोजलेली प्रत वजा खरी प्रत, आडव्या अक्षावर हवेचे थर, रेघ काढा. उतार ही घट, रेघ शून्य थराला जिथे भेटते तो कॅमेऱ्याचा आकडा. बीटा-ईटाच्या फरकातून रंगाची दुरुस्ती. मग काक्षी. बिंदू रेघेपासून वेळेनुसार सरकत असतील तर रात्रीचे दोन तुकडे करा. भिंग पुसून सिलिकाच्या पुड्यांबरोबर डब्यात.