कंपनी बदलताय? हातात किती येतात एवढंच बघू नका

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर शिफ्ट सुटल्यावर विषय एकच. कोण शिनोळीला लागला, कोण कागलला गेला आणि हातात किती येतात. विचारायलाच हवं, पण घोळ होतात ते त्यापुढच्या गोष्टींत.

सगळ्यात महागात पडते ती पीएफची चूक. कंपनी सोडली की पीएफ काढायचा आणि घराच्या स्लॅबला लावायचा, ही आपल्याकडची रीतच झालीय. त्यासोबत 10-सी फॉर्म भरून पेन्शनचाही पैसा उचलला, की तेवढी नोकरी पेन्शनच्या हिशेबातून गेली. पेन्शनला किमान 10 वर्षं भरावी लागतात. तीन कंपन्यांत चार-चार वर्षं घासलेला सीएनसी ऑपरेटर खरं तर बारा वर्षांचा धनी. दर वेळी कंपनी बदलताना पैसे उचलले असतील तर तो चारच वर्षांचा उरतो. शिवाय सलग 5 वर्षं व्हायच्या आत काढलेल्या पीएफवर सहसा करही लागतो.

शिनोळी किंवा कागल महाराष्ट्रात म्हणून खातं वेगळं होत नाही. पीएफ केंद्राचा, यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर तोच. पैसे नव्या कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर करून घ्या.

ट्रान्सफर अडकली? आधी बघा, जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकलीय का. नसेल, तर शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाल्यावर ती पीएफच्या पोर्टलवर स्वतः टाकता येते. दुसरं दुखणं नावाचं. आधारवर आडनाव शेवटी, कंपनीच्या कागदावर सुरुवातीला. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं अक्षर. हे नोकरीत असतानाच जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे कंपनीसोबतचा दुरुस्तीचा अर्ज, भरून दुरुस्त करा. राजीनाम्यानंतर एचआरवाले फोन उचलतीलच असं नाही.

ईएसआय म्हणजे पगारातून कपात होऊन मिळणारा सरकारी आरोग्य विमा. त्याची मर्यादा 21,000 रुपये पगाराची. 20,800 वरून 21,300 वर गेलात तर पगारात पाचशे वाढले, पण घरच्यांच्या दवाखान्याचं कार्ड पुढे बंद पडणार. वाढ मे महिन्यात झाली तर सप्टेंबरपर्यंत कपात चालू राहते, तेवढ्या मुदतीत आरोग्य विमा बघून ठेवा. व्यवसाय करही सीमेपलीकडे वेगळा. कर्नाटकात 25,000 च्या आत तो नाही, महाराष्ट्रात पुरुषांना 10,000 च्या वर महिना 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300.

आता नाइट शिफ्ट. सकाळी सातला घरी यायचं आणि तसंच भातलावणीला शेतात उतरायचं, याला मेहनत म्हणतात खरी, पण दोन आठवड्यांत डोळे लाल आणि जीभ तिखट होते. शिफ्टच्या शेवटच्या तीन-चार तासांत चहा बंद, घरी आल्यावर खिडकीला जाड पडदा, फोन दुसऱ्या खोलीत. कागलहून मोटरसायकलवर हायवेनं परतताना डुलकी येत असेल, तर ढाब्यावर थांबून वीस मिनिटं डोळे मिटा. ओव्हरटाइम करत असाल तर कायद्यानं दर दुप्पट आहे, स्लिपवर तो तसाच लागलाय का बघा.

आणि बेळगावातच राहून सुपरवायझर व्हायचं असेल, तर कन्नड "कळतं, पण बोलत नाही" एवढ्यावर सोडू नका. बैलहोंगल, गोकाककडची पोरं तुमच्याच लाइनवर आहेत. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशी कन्नडच बोला. पहिले काही दिवस हसतील, मग चुका सुधारून देतील.