ई-मेल नेमका कुठून आला, हे कसे तपासावे

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या खजिनदारांना एके दिवशी सेक्रेटरींच्या नावाने मेल आला, की लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे ठेकेदाराच्या नव्या खात्यात आजच भरावेत. खजिनदार दोन मजले चढून विचारायला गेले, तेव्हा सेक्रेटरींना त्याचा पत्ताही नव्हता. मेलवर दिसणारे नाव पाठवणारा स्वतःच टाइप करतो. म्हणून शंका आली की हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी त्याच्या प्रवासाची तांत्रिक नोंद, उघडावा.

जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये ही सोय नाही. संगणकाच्या ब्राउझरमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करावे आणि ‘शो ओरिजिनल’ निवडावे. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेलचा पत्ता खरा आहे का हे पाहणाऱ्या तीन तपासण्यांचे निकाल असतात. डीमार्क ‘फेल’ असेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट असण्याची शक्यता मोठी. मात्र तिन्ही ‘पास’ असले तरी मेल त्या डोमेनमधून (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाकडून) रीतसर निघाला, एवढेच कळते. आमच्या मेलमध्ये तिन्ही पासच होते, कारण भामट्याने सेक्रेटरींच्या नावात एक अक्षर वाढवून सरळ नवे जीमेल खाते उघडले होते.

त्याखाली ‘रिसीव्हड’ने सुरू होणाऱ्या ओळी येतात. मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो, तो प्रत्येक सर्व्हर आपली ओळ आधीच्या ओळींच्या वर जोडतो, म्हणून प्रवास खालून वर वाचावा. विश्वास मात्र वरून खाली ठेवत यावे, कारण आपल्या मेलसेवेने जोडलेल्या ओळी खऱ्या असतात, तर तळाच्या ओळी पाठवणाऱ्याला बनावट घालता येतात. जीमेलच्या ओळीत वेळेपुढे उणे ०७०० किंवा उणे ०८०० दिसले, की मेल अमेरिकेतून आला असे अनेकांना वाटते. ती गूगलच्या सर्व्हरची घड्याळपद्धत आहे. उणे ०७०० असेल तर साडेबारा तास मिळवावेत, म्हणजे भारतीय वेळ निघते.

या ओळींतल्या चौकोनी कंसातला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्राचा आकडी पत्ता, ‘हूइज’ या ऑनलाइन शोधसेवेत टाकला की तो कोणत्या कंपनीच्या नावे नोंदला आहे ते कळते. ‘१९२.१६८.’ किंवा ‘१०.’ (दहानंतर लगेच टिंब) ने सुरू होणारे पत्ते घरातल्या वा कार्यालयातल्या अंतर्गत जाळ्याचे असल्यामुळे सोडून द्यावेत. आयपीवरून नकाशावर दिसणाऱ्या शहरावरही फार विसंबू नये. शिवाय जीमेल वेबवरून पाठवलेल्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचा आयपी नसतोच, तिथे गूगलचा सर्व्हर दिसतो. पुढचा माग पोलिसांनी कंपनीकडून मागवलेल्या नोंदींवरूनच लागू शकतो.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही पोलिस आयुक्तालयांत सायबर पोलिस ठाणे आहे. तक्रारीसोबत नुसता स्क्रीनशॉट देऊ नये, मेल साधा फॉरवर्डही करू नये, कारण त्यात मूळ हेडर जात नाही. त्याच ‘शो ओरिजिनल’च्या पानावर ‘डाउनलोड ओरिजिनल’ आहे, ती फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि इनबॉक्समधला मेल जसाच्या तसा राहू द्यावा.