पस्तिशीनंतर ‘मानव विकास’ घेताय? या चुका टाळा

बारा-पंधरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा शिकायचं ठरवणाऱ्या बायका मानव विकास या विषयाकडे, म्हणजे माणूस लहानपणापासून कसा वाढतो हे शिकवणाऱ्या गृहविज्ञानाच्या शाखेकडे, हमखास वळतात. पुरुष फारसे फिरकत नाहीत, तो वेगळा विषय. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: “मुलांची आवड आहे हो, लोक माझ्याशी मन मोकळं करतात, समुपदेशक होईन म्हणते.” आवड खरीच असते. पुढच्या चुका मात्र दरवर्षी त्याच. गृहविज्ञानात इतकी वर्षं शिकवून माझा संयम आटलाय, तेव्हा थोडं फटकळ लिहिलं तर चालवून घ्या.

पदवी हाती आली की समुपदेशक झाले, असं समजणं

नाही होत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, आणि त्यासाठीचे अभ्यासक्रम वेगळे आहेत. शाळेत समुपदेशक व्हायचंय? सीबीएसईच्या नियमात मानसशास्त्रातली पदवी चालते, समुपदेशनाची पदविका जोडलेली कुठलीही पदवी चालते. बालविकास मात्र २०२६ पूर्वीच्या नियमात पदव्युत्तर लागायचा. म्हणजे नुसत्या बी.ए. किंवा बी.एस्सी. मानव विकासवर ते दार उघडत नाही, वर समुपदेशनाची पदविका तरी जोडावी लागते.

मग या पदवीला किंमत कुठे? बालवाडी, पाळणाघरं, पालकांसोबत काम करणाऱ्या संस्था, बालगृहं, अंगणवाड्यांसाठीचे प्रशिक्षण प्रकल्प. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये बाल कल्याण समितीच्या सदस्याची पात्रता सांगताना मानव विकासाचं नाव स्पष्ट येतं. पण तिथेच मुलांसाठी सात वर्षं काम केल्याची अटही येते. ती अट वाचायच्या आधीच लोक पान उलटतात.

माझा सल्ला एवढाच: जे काम करायचंय त्याच्या तीन-चार जाहिराती शोधा, पात्रतेची ओळ जशीच्या तशी वहीत उतरवा आणि ती वही घेऊन महाविद्यालयात जा. “कशालाही उपयोगी पडते” असं ज्या पदवीबद्दल सांगितलं जातं, तिच्याबद्दल चारदा विचारा.

“घरबसल्या, प्रॅक्टिकल नाही”

हे वाक्य ऐकलं की मी फोनवरच कपाळाला हात लावते. एक बाई माझ्याकडे आल्या त्या सगळी फी भरून झाल्यावर. बँकेतली नोकरी सोडलेली, हिशेबाला पक्क्या. क्लासच्या वरच्या मजल्यावर ‘अभ्यास केंद्र’, परराज्यातल्या विद्यापीठाचं नाव, गुळगुळीत माहितीपत्रक. हजेरी नाही, बालवाडीत जाऊन काम नाही, परीक्षाही तिथेच. पावतीवर विद्यापीठाचा शिक्का नव्हता, क्लासचा होता. मी त्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर ते नाव शोधायला लावलं. विद्यापीठ होतं, हा अभ्यासक्रम मान्य यादीत नव्हता. शिवाय राज्याच्या मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर केंद्रं काढता येत नाहीत आणि असं फ्रँचायझी देऊन शिकवणं तर मुळातच नियमबाह्य. बाईंनी केंद्राच्या मालकाला गाठलं, तर तो म्हणाला, “मॅडम, कोण बघतंय?” नोकरी देणारा बघतो! पैसे परत मिळाले नाहीत. वर्ष गेलं ते वेगळंच.

मुक्त शिक्षणाला माझा विरोध नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इग्नूचा बालसंगोपन आणि बालशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम अनेकजणींनी नेटाने केलाय. पण यादी दर सत्राला बदलते. जुलै-ऑगस्ट २०२५ पासून तर मानसशास्त्र आणि अन्न व पोषण हे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केली आहे. मैत्रिणीने २०२१ मध्ये केलं म्हणून तुम्हाला मिळेलच असं नाही. यादी स्वतः उघडा, एजंटाच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट बघू नका.

“मी दोन मुलं वाढवलीत, मला काय निरीक्षण शिकवता?”

या विषयात बालवाडीत मुलं बघून निरीक्षणवही लिहावी लागते, तेव्हा हे वाक्य येतं. ही माझी सर्वात लाडकी चूक, कारण ती हुशार बायकाच करतात.

एक विद्यार्थिनी स्वतःचं पाळणाघर चालवायची. मुलांशी वागणं सुरेख. निरीक्षणवहीत मात्र लिहिलं: “मुलगा हट्टी, आईने लाडावलेला.” मी विचारलं, आईला कुठे पाहिलंत? पाहिलंच नव्हतं. त्याने नेमकं काय केलं? “हट्ट केला.” वही परत. तीनदा परत गेल्यावर ती चिडली, वर्गात बोलायची बंद झाली. मग एकदाची ओळ आली: “१०.१० – शेजारच्या मुलीच्या हातातला ठोकळा ओढला. ती ओरडली. त्याने बाईंकडे पाहिलं, ठोकळा पाठीमागे धरला. काही बोलला नाही.” ‘काही बोलला नाही’ हे पुढच्या पानांवरही येत राहिलं. चौकशी केली तर बांधकामावरच्या मजुरांचं मूल, घरी कन्नड. मागायला मराठी शब्दच नव्हते त्याच्याकडे. आधीच्या सगळ्या पानांवर तो हट्टीच होता.

तेव्हापासून मी सगळ्यांना पानाच्या मधोमध रेघ मारायला लावते. डावीकडे जे दिसलं, जे ऐकू आलं. उजवीकडे तुमचं मत, तेही दुसऱ्या दिवशी. पियाजे आणि एरिकसन, म्हणजे मुलांच्या वाढीचे टप्पे मांडणारे अभ्यासक, त्यानंतर वाचा, म्हणजे कळतात. आधी टिपणं पाठ करून आलेल्यांना प्रत्येक मुलात एरिकसनचा पहिला टप्पा, ‘विश्वास विरुद्ध अविश्वास’च दिसतो.

बाकीच्या, थोडक्यात

वेळापत्रक न विचारणं. बालवाडी सकाळीच भरते, आणि तुमची नोकरीही सकाळीच असते. रजेचं आधी बोलून घ्या.

पहिल्या दिवसापासून बालमानसशास्त्र मिळेल अशी अपेक्षा. गृहविज्ञानात सुरुवातीला अन्नशास्त्र, वस्त्रशास्त्र, गृहव्यवस्थापन सगळं करावं लागतं. परभणीच्या कृषी विद्यापीठातली सामुदायिक विज्ञानाची (गृहविज्ञानाचंच नवं नाव) पदवी तर चार वर्षांची आहे. शिलाईच्या तासाला नाक मुरडणाऱ्या बायका मला आवडत नाहीत, हेही सांगून टाकते.

बारावी कुठल्या शाखेतून केली ते विसरून अर्ज करणं. बी.ए. आणि बी.एस्सी. दोन्ही वाटांच्या अटी वेगळ्या असतात.

आणि नाव. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने. अभ्यासाचे श्रेयांक जमा होतात त्या ऑनलाइन क्रेडिट बँकेचं खातं आधारशी जुळायला हवं, तिथे अडतं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र मे महिन्यातच काढून ठेवा. शिक्षणातल्या गॅपचं प्रतिज्ञापत्रही त्याच फाइलीत. शेवटच्या तारखेला दुपारी चार वाजता खिडकीवर “पण मीच आहे ना ती” म्हणून भांडणारी एकजण दरवर्षी असतेच, आणि खिडकीपलीकडचा कारकून तिला शांतपणे प्रवेशाची दुसरी यादी लागेल तेव्हा यायला सांगतो.