नवराबायकोवाले थ्रिलर कसे वाचायचे

परवा मैत्रीण म्हणाली, अगं तू सांगितलेला तो थ्रिलर चाळीस पानांवर सोडला, काही घडतच नाही त्यात. घडत नाही कसं, तू मुडदा कधी पडतो याची वाट बघत बसलीस! या पुस्तकांत खरी मजा मुडदा पडायच्या आधीच असते. तर माझी पद्धत सांगते.

आधी वेळ. नवऱ्याची सातपूरला सेकंड शिफ्ट असली की मी पोरं झोपवून, ओटा आवरून वाचायला बसते. घरात आपण एकटेच, आणि थोड्या वेळाने लॅचमधे किल्ली फिरणार हे माहीत, याच्याएवढी भारी सोय कुठल्याच थेटरात नाही. दुपारी वाचू नका, दुपारी सगळे नवरे गरीब वाटतात.

मग गोष्ट सांगतंय कोण ते बघायचं. "मी" म्हणून बोलणाऱ्यावर लगेच विश्वास टाकायचा नाही, बायको असली तरी नाही, खरं तर बायको असली तर जास्तच नाही 😄 बारीक बारीक खोटं टिपत जायचं (वेगळ्या कागदावर, सावानाच्या, म्हणजे आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या, पुस्तकात रेघा मारू नका प्लीज, 1840 पासूनचं वाचनालय आहे ते). म्हणजे कसं, नवरा म्हणतो ट्रॅफिक लागलं, आणि दहा पानांनी कळतं की तो खाली पार्किंगमधे वीस मिनिटं गाडी बंद करून नुसता बसला होता. बाई नाही, पैशाचा घोळ नाही, नुसता बसला होता. का? वर यायला नको वाटत होतं म्हणून? इथे पुस्तक सुटत नाही, कारण भुताचा वाडा आपण बघितलेला नसतो पण हे पार्किंग आपल्या ओळखीचं असतं.

वस्तूंवर पण लक्ष ठेवा. गॅसलाइटिंग हा शब्द आज जो तो वापरतो, तो आला 1938 च्या 'गॅस लाइट' या इंग्रजी नाटकावरून. त्यात नवरा वरच्या बंद मजल्यावर चोरून गॅसचा दिवा लावतो की खाली बायकोच्या खोलीतला दिवा मंद होतो, आणि तो तिला पटवत राहतो की तुझंच डोकं फिरलंय. सगळं गुपित एका दिव्यात! म्हणून कुणी चावी, कप, औषधाची बाटली जागची हलवली की तिथे थांबायचं, मागचं पान परत वाचायचं.

शेवटचं पान आधी बघणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आणि एक, नवऱ्यासमोर वाचणार असाल तर कव्हर झाका. गेल्या रविवारी ऐन रंगात आले होते आणि हा स्वतःहून चहा घेऊन आला. लग्नाला अकरा वर्षं झाली, स्वतःहून कधी नाही. मी कपाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"काय गं? साखर बरोबर आहे."

"तू आधी पी."